निकाल, तास, गुण : कोल्हापुरातल्या मोजमापाचा मागोवा

२०२१ मध्ये शिवाजी विद्यापीठाला उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने चारपैकी ३.५२ गुण दिले आणि ‘ए प्लस प्लस’ श्रेणी लागली. या श्रेणीची हद्द ३.५१ पासून सुरू होते. त्याआधी २०१४ च्या फेरीत विद्यापीठाचे गुण ३.१६ होते आणि श्रेणी ‘ए’. त्या वेळी ३.०१ च्या पुढचे सगळे ‘ए’मध्येच बसत, त्याच्या वर काही नव्हतं. २०१६ मध्ये वर आणखी दोन श्रेण्या आल्या आणि देशभरातली विद्यापीठं-कॉलेजं त्यांच्याकडे बघू लागली. कोल्हापुरात या निकालाचा आनंद झाला, आणि तो रास्त होता. पाच वर्षांचे कागद गोळा करणं, प्रत्येक दाव्याला पुरावा जोडणं, फायली लावणं, तपासणीला आलेल्या पीअर टीमसमोर उभं राहणं यामागे शेकडो शिक्षकांचे आणि कारकुनांचे कष्ट असतात. रात्री उशिरापर्यंत विभागांत दिवे जळतात ते याच दिवसांत.

पण ८५३ एकरांचा परिसर, तीन जिल्ह्यांतली कॉलेजं आणि लाखोंच्या घरातले विद्यार्थी हे सगळं दशांशचिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत मोजता येतं, असं आपण कधीपासून मानायला लागलो? ही गोष्ट ‘नॅक’पासून, म्हणजे १९९४ पासून सुरू होत नाही. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे, तिच्यात लंडन आहे, बोस्टन-न्यूयॉर्ककडची विद्यापीठं आहेत, आणि कोल्हापूरही आहे. कोल्हापूर केवळ मोजून घेणाऱ्यांच्या बाजूला नाही. या शहराने एकेकाळी स्वतःचं माप तयार केलं होतं, आणि या जिल्ह्यातल्या एका माणसाने त्या मापाचा विचार देशाच्या पातळीवर नेला. मला या मागोव्यात त्याच गोष्टीपर्यंत पोचायचं आहे.

सुरुवात निकालापासून करावी लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची. ज्या संस्थेचं कामच परीक्षा घेणं, तिच्यापाशी सांगण्यासारखा आकडा एकच असणार. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. १३२ मुलं बसली, २२ पास झाली. त्या बावीसांत कोल्हापूरच्या इंग्रजी शाळेत सुरुवातीची वर्षं शिकलेले महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले, ते चार: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चारच माणसं असली की त्यांची नावं सांगता येतात. संख्या वाढली की नावं जातात आणि टक्के उरतात.

निकालाला पैसा जोडला गेला त्याच दशकात, आणि इथे लंडनचा धागा येतो. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी इंग्लंडच्या प्राथमिक शाळांसाठी नवी नियमावली लागू केली. शाळेला दर मुलामागे बारा शिलिंगांपर्यंत अनुदान मिळू शकत होतं. त्यातले चार हजेरीचे, बाकीचे आठ परीक्षेचे. वाचन, लेखन, गणित यांतल्या ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. इन्स्पेक्टर यायचा, एकेका मुलाला उभं करायचा आणि शाळेचं वर्षाचं उत्पन्न त्या दिवशी ठरायचं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळांचे इन्स्पेक्टर होते. या पद्धतीने शिकवणं यांत्रिक होतं हे ते सरकारी अहवालांत वर्षानुवर्षं लिहीत राहिले.

ही ‘निकालाप्रमाणे अनुदान’ पद्धत मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकात आली आणि चांगली रुजली. आपल्या जुन्या आत्मचरित्रांत ‘दिपोटी येणार’, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर येणार, म्हणून शाळेत उडालेली धांदल वाचायला मिळते. सारवलेल्या भिंती, नवे धडे सोडून जुनेच घोकून घेणं, कच्च्या पोरांना त्या दिवशी घरी राहायला सांगणं. त्या धांदलीच्या मुळाशी मास्तरची भीती आहे आणि त्या भीतीच्या मुळाशी पैसा आहे. ज्या शाळेत शिकलेल्या घरांतली मुलं, तिचा निकाल चांगला आणि तिला अनुदान जास्त. ज्या शाळेतल्या मुलांच्या घरात अक्षर शिरलेलं नाही, तिला कमी. गरजेच्या उलट दिशेने पैसा वाहावा अशी ही रचना होती.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं ते या पार्श्वभूमीवर वाचावं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत तो पंधरा-वीस असावा, असंही त्यांनी सांगितलं. शिक्षक भुकेला ठेवून त्याच्याकडून निकाल मागू नका, हा त्यातला रोख मला फार महत्त्वाचा वाटतो. हंटर आयोगाने कॉलेजांना निकालाप्रमाणे अनुदानाची पद्धत लावू नये असं म्हटलं, पण शाळांबाबत प्रांतांना मोकळीक ठेवली. कर्झनच्या काळातल्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात तिच्यावर टीका झाली आणि मग ती मागे पडली. त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने दुसरी गोष्ट आणली: संलग्न कॉलेजांची विद्यापीठाकडून तपासणी. ग्रंथालय आहे का, शिक्षक किती, वसतिगृह कसं, हे बघायला माणसं येऊ लागली. आजच्या पीअर टीमचं पहिलं रूप तिथे दिसतं.

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० चं. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारलेल्या तरुण राजाराम महाराजांच्या नावाचं. संस्थान वेगळं असलं तरी कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, त्यामुळे त्याचं यश मुंबईच्या गॅझेटात छापलेल्या निकालावरच ठरायचं. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ इथे शिकून पुढे गेले. कॉलेजचं नाव झालं. पण त्या निकालात कोण पास झालं एवढंच दिसायचं. परीक्षेच्या मांडवापर्यंत कोण पोचलंच नाही, हे कुठेही दिसत नव्हतं.

ते दिसायला लावलं शाहू महाराजांनी. १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हा आकडा कोल्हापुरात इतक्या वेळा सांगितला जातो की त्यातलं धाडस आता जाणवत नाही. मुळात तो मोजला गेला हेच नवं होतं. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये आरक्षणाचा हुकूम निघाला, त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडात होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना, हा त्याचा गाभा. त्याच हुकमात शेवटी एक कारकुनी वाटणारी ओळ आहे आणि माझ्या मते ती गाभ्याइतकीच मोलाची आहे: हुकमानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करायचा.

या तक्त्याची दिशा बघा. लो यांच्या नियमावलीत पोराची परीक्षा व्हायची आणि दंड मास्तरला बसायचा. ज्याच्या हातात काहीच नाही तो जबाबदार. शाहू महाराजांच्या तक्त्यात खातेप्रमुखाची परीक्षा होती. नेमणूक करण्याचा अधिकार ज्याच्या हातात, जाब त्याला. आणि झालेल्या नेमणुकांच्या त्या तक्त्यावरून दिसायचं ते अजून किती झालेलं नाही हे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मग जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. यातल्या प्रत्येक पावलामागे कोणती घरं शाळेबाहेर राहिली याची मोजदाद आहे. कार्यक्षमतेचं हे माप कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वापरात होतं. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख सापडत नाही, म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही.

तास मोजण्याची कल्पना मात्र त्याच सुमारास दुसरीकडून आली. अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशनने मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरकडून विद्यापीठांची पाहणी करवून घेतली. कुक हे फ्रेडरिक टेलर यांचे सहकारी, म्हणजे कारखान्यात घड्याळ लावून मजुराची प्रत्येक हालचाल मोजणाऱ्या शाळेतले. हार्वर्ड, कोलंबिया, प्रिन्स्टन, टोरांटो धरून आठ संस्थांचे भौतिकशास्त्र विभाग त्यांनी पाहिले आणि १९१० मध्ये शिक्षणसंस्थांच्या आणि उद्योगांच्या कार्यक्षमतेवरचा अहवाल दिला. त्यात ‘विद्यार्थी-तास’ हे एकक आहे: एका विद्यार्थ्याला दिलेला एक तास. मग त्या तासाला खर्च किती येतो, कोणता प्राध्यापक किती तास देतो, अशी तुलना करता येते. आज आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास अशी मांडणी आहे. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने चौदा तास शिकवायचं असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, नियम आहे. कॉलेजात ‘वर्कलोड’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. या साऱ्याचं कूळ त्या अहवालाशी जुळतं.

वर्कलोडवरून जागा मंजूर होतात. जागा मंजूर झाल्या तरी भरल्या जात नाहीत, तेव्हा उरलेले तास वाटले जातात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारी हजारो माणसं आहेत. सीएचबी म्हणून त्यांना ओळखतात. नेट-सेट झालेली, अनेकदा पीएच.डी. झालेली. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. पेपर तपासणं, मुलाची अडचण ऐकणं, उद्याच्या तासाची तयारी करणं, सुट्टीत घर चालवणं हे त्या हिशेबात येत नाही. शंभर वर्षांपूर्वी खर्चाची तुलना करण्यासाठी बनवलेलं एकक आज एका माणसाचं आयुष्य तासांत कापून देण्याचं साधन झालं आहे. मापांच्या इतिहासात याहून क्रूर टप्पा मला दिसत नाही.

मधल्या काळात राजाराम कॉलेजात काय चाललं होतं ते आता सांगतो, कारण ते मोजलं जात नव्हतं आणि तरी घडत होतं. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी कॉलेज आर्य समाजाकडे सोपवलं. १९२२ मध्ये गुरुकुल कांगडीहून डॉ. बाळकृष्ण प्राचार्य म्हणून आले आणि १९४० पर्यंत राहिले. स्वतः शिवचरित्राचा मोठा ग्रंथ लिहिणारे हे प्राचार्य. त्यांच्या काळात ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवत होते. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, १९२८ पासून इथे होते. त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ मध्ये आला होता. त्यावर ते दहा वर्षं काम करत राहिले, १९३७ मध्ये नव्याने सिद्ध केलेली आवृत्ती आली, आणि १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यावर डी.लिट. दिली. मराठीतली ती पहिली डी.लिट. पुढच्याच वर्षी ते वारले.

आणि आ. ने. उपाध्ये. सदलग्याचा हा माणूस १९३० मध्ये अर्धमागधीचा प्राध्यापक म्हणून राजाराम कॉलेजात आला आणि १९६२ पर्यंत तिथेच राहिला. १९३५ मध्ये कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’ची प्रदीर्घ प्रस्तावनेसह संपादित प्रत, १९३७ मध्ये ‘परमात्मप्रकाश’, १९३९ मध्ये डी.लिट. मग उद्द्योतनसूरीची ‘कुवलयमाला’. शके ७००, म्हणजे इसवी सन ७७९ मधली ही प्राकृत कथा मराठी वाचकाला तिच्यातल्या मराठी व्यापाऱ्याच्या वर्णनामुळे माहीत असते; आपल्या भाषेच्या जुन्या खुणांत ती गणली जाते. उपाध्यांनी तिची संहिता १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि प्रस्तावनेचा दुसरा भाग १९७० मध्ये. मध्ये अकरा वर्षं. हस्तलिखितं मिळवायची, पाठभेद लावायचे, एका शब्दासाठी महिनोन्‌महिने थांबायचं, हे काम त्याच्या गतीनेच होतं. जगभरचे प्राकृताचे अभ्यासक कोल्हापूर हे गाव त्यांच्या पत्त्यावरून ओळखत.

त्या काळाची महती गाताना एक गोष्ट लपवता कामा नये. तेव्हा विद्यार्थी मोजके होते, प्राध्यापक मोजके होते, आणि आयुष्यभरात एकही ओळ न लिहिता निवृत्त झालेलेही बरेच असणार. त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. मोजमाप नसण्याचा फायदा उपाध्यांना झाला तसा त्यांनाही झाला. म्हणून ‘पूर्वी काही मोजत नव्हते आणि सगळं छान होतं’ असं मी म्हणणार नाही.

१९२९ मध्ये हार्टोग समितीचा अहवाल आला. त्याने भारतीय शिक्षणाला एक नवा आकडा दिला आणि तो फार दूरवर गेला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलामुलींपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त अठरा होते. या गळतीवरून समितीने निष्कर्ष काढला की शाळा भराभर वाढवण्यापेक्षा आहेत त्या सुधाराव्यात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण ज्या गावात शाळाच नाही त्या गावाला या शहाणपणाने ‘थांबा’ सांगितलं.

या निष्कर्षाचा समाचार घेणाऱ्यांत जे. पी. नाईक होते. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. जन्म १९०७, मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यचळवळीत नाव बदललं ते कायमचंच. गणिताचा पदवीधर माणूस. सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिशकाळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास १९४३ मध्ये लिहिला. तो आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात त्यांनी काम केलं, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते, आणि १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा त्यांच्या हातून गेला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, हे माप त्याच आयोगाचं. ते सरकारला लावलेलं माप होतं आणि अजून पुरं झालेलं नाही.

१९७५ मध्ये नाईकांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंच्या हाती न लागणाऱ्या त्रिकोणावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. तिन्ही बाजूंची एकमेकींशी ओढाताण असते, एक वाढवायला गेलं की दुसरी आखडते, आणि भारतात संख्या वाढली ती उरलेल्या दोघींना मागे टाकून, असं त्यांनी आकडेवारीसह दाखवलं. बहिरेवाडी-गारगोटी पाहिलेल्या माणसालाच हे इतकं स्पष्ट दिसलं असावं, असं मला वाटतं. ज्याने तालुक्याच्या गावात संस्था उभी केली त्याला ठाऊक असतं की गुणवत्तेचा एकच आकडा काढायचा म्हटला की समता त्यातून आधी गळते.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ चं. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आले होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, राजाराम कॉलेजचेच प्राचार्य राहिलेले इतिहासकार. सुरुवातीला ३४ कॉलेजं आणि सुमारे १४,००० विद्यार्थी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर तेव्हा सोलापूर आणि रत्नागिरीही होतं. खेड्यातला मुलगा एम.ए.-एम.एस्सी.साठी मुंबई-पुण्याला जाऊ शकत नाही, त्याच्या दारात विद्यापीठ यावं, ही त्यामागची मागणी होती. ‘कमवा व शिका’ योजनेत सकाळी काम आणि दिवसा वर्ग करून शिकलेली माणसं आज तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत शिकवताना भेटतात. आप्पासाहेबांनी कुलगुरूपद सांभाळून ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित केली आणि विद्यापीठाने ती छापली.

यानंतर जे माप आलं ते फिलाडेल्फियाहून. युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात कोणत्या शोधनिबंधाचा हवाला कोणी दिला याची सूची काढायला सुरुवात केली. ती ग्रंथपालांच्या सोयीसाठी होती, संबंधित संशोधन शोधायला. हळूहळू तिच्यावरून माणसांची प्रत ठरू लागली. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एका अंकात सगळं बसवणारा ‘एच-इंडेक्स’ सुचवला आणि काम सोपं झालं.

या मापाने कोल्हापूरचं भलंही केलं, ते मान्य करायला हवं. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्म्सच्या संशोधनात जगभर नाव मिळवलं. महागडी निर्वात यंत्रं घेण्याची ऐपत नव्हती. मग काचपात्रातल्या द्रावणातून थर बसवणं, तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारणं अशा स्वस्त रासायनिक पद्धतींवर इथल्या लोकांनी हात बसवला. त्यातून सौरघट, वायुसंवेदक, सुपरकपॅसिटर यांवर काम झालं. प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील यांच्या गटांच्या निबंधांचे हवाले जगभरातून दिले गेले. दिल्ली-मुंबईच्या समितीत बसलेल्यांना कोल्हापूर दिसलं ते या हवाल्यांच्या आकड्यांमुळे. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेत आकडा कधीकधी दूरच्या, गरीब संस्थेचा वकील होतो.

त्याच आकड्याच्या नजरेला मराठी दिसत नाही. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ असोत की डॉ. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेला ‘राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ’, ज्यांच्यावाचून या प्रदेशाचा इतिहास लिहिता येत नाही असे ग्रंथ त्या सूचीत नसतात. २०१० मध्ये यूजीसीने नेमणूक आणि बढतीसाठी एपीआय हा गुणांचा तक्ता आणला तेव्हा ही दृष्टी नियमात उतरली. रेफ्रीड जर्नलमधल्या एका निबंधाला पंधरा गुण. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला पन्नास, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला पंचवीस, स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकाला पंधरा. म्हणजे कोल्हापुरातल्या प्रकाशकाने काढलेला पाच-सात वर्षांच्या मेहनतीचा मराठी ग्रंथ आणि आठ पानांचा एक निबंध समान. गरजू माणूस काय निवडेल? बढती रखडलेली, घरचा हप्ता चालू, आणि समोर पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी जर्नलं. पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या, त्यांनी तपासलेल्या १,००९ जर्नलांपैकी ८८ टक्के निकृष्ट होती. मग पुण्याच्याच विद्यापीठात विश्वासार्ह जर्नलांच्या ‘केअर’ यादीचं काम सुरू झालं, आणि २०२५ मध्ये यूजीसीने तीही यादी थांबवली. दिपोटीच्या भीतीने घोकून घेणारा मास्तर आणि गुणांसाठी निबंध छापणारा प्राध्यापक यांच्यात दीडशे वर्षांचं अंतर आहे, पण दोघांवरचा दाब सारखाच आहे. दोघांनाही अप्रामाणिक म्हणून मोकळं होणं सोपं. मला ते अन्यायाचं वाटतं.

२०१६ पासून केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ ही शिक्षणसंस्थांची क्रमवारी दरवर्षी निघते. शंभर गुणांत अध्यापन आणि साधनांना तीस, संशोधनाला तीस, पदवी मिळवून बाहेर पडणाऱ्यांच्या वाटचालीला वीस, समावेशकतेला दहा आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला दहा. समावेशकतेच्या दहाची आतली वाटणी बघण्यासारखी आहे. परराज्यांतले आणि परदेशांतले विद्यार्थी यांना तीन, मुली आणि महिला शिक्षकांना तीन, दिव्यांगांच्या सोयींना दोन, आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांना दोन. ज्या कारणासाठी शाहू महाराजांनी शिक्षणाचा सगळा डोलारा उभा केला, ज्यासाठी हे विद्यापीठ मागितलं गेलं, त्याला शंभरात दोन.

परराज्याचं तर कोल्हापूरच्या बाबतीत काहीच कळत नाही. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटर. तिथला मराठी मुलगा रोज एस.टी.ने येऊ शकतो. तो कर्नाटकातला, म्हणून त्याने विद्यापीठाचं वैविध्य वाढतं. चंदगड त्याच्या दुपटीहून दूर. घाटाच्या कडेच्या एखाद्या वाडीतून, धनगरवाड्यातून आलेली, घरात पहिल्यांदा कॉलेज पाहिलेली मुलगी महाराष्ट्रातली, म्हणून ती मुलगी असल्याचं मोजलं जातं, पण ती जिथून आली ते अंतर मोजलं जात नाही.

आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण चांगलं हवं, पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा, असं क्रमवारी म्हणते. योग्यच आहे. पण सरकारी विद्यापीठात आणि अनुदानित कॉलेजात जागा भरायची परवानगी शासनाकडे. शासनाने भरतीवर बंदी घातली, प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहिले, तर प्रमाण बिघडतं आणि गुण कापले जातात विद्यापीठाचे. परवानगी अडवणाऱ्या कार्यालयाची कुठलीच श्रेणी लागत नाही. शाहू महाराजांच्या हुकमातली जबाबदारीची दिशा इथे बरोबर उलटी झाली आहे.

ती पुन्हा सुलटी करायला नव्या संस्थेची गरज नाही, दिल्लीच्या परवानगीचीही नाही. प्रवेशाच्या वेळी तालुका, गाव, प्रवर्ग ही माहिती मुलं भरून देतातच. त्यात आईवडील कितवीपर्यंत शिकले आणि घरात याआधी कोणी पदवीधर आहे का, हे दोन प्रश्न विचारले की घरातल्या पहिल्या पदवीधरांचा तालुकावार तक्ता विद्यापीठाला दर वर्षी काढता येईल. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडी, जत, आटपाडी, पाटण, माण: पहिल्या वर्षाला किती आले, तिसऱ्या वर्षाला किती टिकले, मधे सुटले ते कशामुळे सुटले, फीमुळे, एस.टी.मुळे, लग्नामुळे की वर्गात शिक्षकच नव्हता म्हणून. कमवा व शिका योजनेत कोण होते आणि पुढे काय करतात. त्याच तक्त्याला दुसरी बाजू हवी. कोणत्या विषयाच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत, किती तासिका तत्त्वावर चालल्या आहेत, प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर गेला आणि किती महिने तिथे आहे. दोन्ही बाजू एकाच कागदावर, विद्यापीठाच्या आणि मंत्रालयाच्या दारावर लावलेल्या, आणि मुदत १९०२ च्या हुकमातलीच, दर तीन महिन्यांनी.